आयोवाहून फोन

तो दूध कुठलं पितो, असं त्या बाईने विचारलं तेव्हा माझ्या हातात निळ्या क्रीमची पिशवी होती आणि समोर कुणाच्या तरी निवृत्तीचा केक. मी सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला, बेकरीत, केकवर नावं घालते. फोन खांद्यात धरून मी म्हटलं, कोण दूध पितो? "ईरो, तुमचा ईरो," ती बाई म्हणाली, "अगं बाई, मी कोण ते सांगितलंच नाही का? मी मार्सी व्होन्ड्राक. आयोवाहून बोलतेय. तो आमच्याकडे राहणार आहे ना, म्हटलं आधी त्याच्या आईशी बोलून घ्यावं. मी सगळ्यांच्या आयांशी बोलते." आवाज प्रेमळ होता. खेकसणारी असती तर मी तिथल्या तिथे म्हटलं असतं की बाई, अजून काही ठरलेलं नाही. पण ती खरोखरच मायेने विचारत होती, आणि मी सांगत गेले. साधं दूध, साय काढलेलं नको. मशरूम चालत नाहीत. कुत्र्यांना घाबरत नाही, उलट तुमचा कुत्रा बिघडवेल. सकाळी उठवायला दोनदा जावं लागतं, पहिल्यांदा हो म्हणतो आणि पुन्हा झोपतो. तिने विचारलं, "हरून आला तर? बोलायचं, की एकटं सोडायचं?" "एकटं सोडायचं," मी म्हटलं, आणि बोलता बोलता मला कळलं की मी माझं पोर फोनवरून तिच्या ताब्यात देऊन टाकलेलं आहे. फोन ठेवल्यावर पाहिलं तर निवृत्त होणाऱ्या माणसाच्या नावातलं एक अक्षर मी गाळलं होतं. सुरीने सगळं क्रीम खरवडलं आणि पुन्हा सुरुवात केली.

काही ठरलेलं नव्हतं हे खरं. तिथल्या आइस हॉकीच्या क्लबने बोलावलं होतं, एवढंच. पण आमच्याकडे ज्युनियर लीगवाल्यांनी बोलावलं की पोरगं गेलं असंच सगळे धरून चालतात. हो का नाही, हे विचारायची पद्धतच नाही. तिथे कुणीतरी आमचा नंबर त्या बाईला देऊन टाकला असणार, आणि तिने माळ्यावरची खोली झाडायला घेतली असणार. ईरोची अकरावी झालेली. शाळेचं एक वर्ष उरलेलं. ते वर्ष इथल्या शाळेच्या टीममधून खेळायचं, की सतराव्या वर्षी बॅग उचलून आठ तास लांबच्या गावात परक्या माणसांच्या घरी राहायचं, तिथल्या शाळेत नाव घालायचं, आणि हिवाळाभर बसमधून गावोगाव फिरत मोठ्या पोरांचे धक्के खायचे, म्हणजे पुढे कुठल्यातरी कॉलेजचं लक्ष जाईल. गेल्या रविवारी जेवताना माझ्या नवऱ्याने, कर्टने विचारलं, काय रे, काय ठरवलंस, तेव्हा ईरो ताटात बघत म्हणाला, "आई म्हणेल तसं." कर्ट हसला. मीही हसले. आई कशाला नको म्हणेल? त्या दिवसापासून कर्ट घरात शीळ घालत फिरतोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस शीळ घालतो हे मला माहीतच नव्हतं.

कर्टला कुणी बोलावलं नव्हतं. तो चांगला खेळायचा म्हणतात, मी पाहिलेलं आहे, चांगलाच खेळायचा, पण त्या वेळी आयोवातून इथे डुलुथला कोण बघायला येणार. बारावी झाली आणि तो कागदाच्या कारखान्यात लागला, आणि अजून तिथेच आहे. तो कधी कुरकुर करत नाही. पण ईरो चार वर्षांचा असताना कर्टने अंगणात पाणी सोडून बर्फ केला, दर थंडीत करत राहिला, थर्मामीटर बघत, पाइप धरून, बोटं निळी होईपर्यंत, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे नुसतं खेळणं नाही. आणि मी? मी काय केलं विचाराल तर मी गाडी चालवली. अंधारात उठून, काच खरवडून, मागच्या सीटवर झोपलेलं पोर आणि त्याची ओल्या कुत्र्यासारखा वास मारणारी बॅग घेऊन मी टेकडी उतरले आणि चढले. रिंकमध्ये घोंगडी घेऊन बसले. कॉफी आणि पॉपकॉर्न विकले, दुसऱ्यांच्या पोरांच्या बुटांच्या नाड्या आवळल्या, परगावच्या मोटेलांमध्ये पोरांना पोहायच्या तलावातून बाहेर ओढलं. खरं सांगायचं तर त्या बाईने दुधाचं विचारलं तेव्हा पहिला धक्का ओसरल्यावर मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटलो बाई, असं वाटलं. आता दुसरी कुणीतरी उठेल अंधारात. आणि मग लाज वाटली, पण फार नाही. दमलेल्या माणसाला लाजही बेताचीच वाटते.

दुपारी काउंटरवर कोच गेर्झिन आला. हा शाळेत सुतारकाम शिकवतो आणि हॉकीची टीम सांभाळतो. कर्टपेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा. सगळं शहर त्याला कोच म्हणतं, त्याची बायकोसुद्धा.

"रेने, दोन मिनिटं आहेत का?"

"डोनट हवेत की ईरो हवाय?"

"डोनट डॉक्टरने बंद केलेत," तो म्हणाला. त्याने इकडे तिकडे पाहिलं. ब्रेडच्या रांगेत एक म्हातारी होती, ती ऐकतच होती. तो काचेवर वाकला. "मी त्याला राहा म्हणू शकत नाही. म्हटलं तर लोक म्हणणार, स्वतःच्या टीमसाठी पोराचं नुकसान करतोय. कर्ट हवेत आहे. राहिलीस तू."

"मी काय करू?"

"तू नको म्हण. आईने नको म्हटलं की इथे पुढे कुणी विचारत नाही. पोर स्वतःहून नको म्हणालं तर त्याला भित्रा म्हणतात. बाप नको म्हणाला तर पोरावर जळतो म्हणतात. आयांचं बरं असतं."

"काय बरं असतं?"

"लोकांना सवय असते त्यांना नावं ठेवायची."

"वा रे वा. म्हणजे शिव्या मी खायच्या आणि मॅच तू जिंकायच्या."

"जिंकतोय कुठे," तो म्हणाला. "गेल्या वर्षी आमचे दोघे गेले, बघितलंस ना काय झालं. रिंकमधला बिघडलेला हीटरसुद्धा आमच्यापेक्षा जास्त वेळा चालला."

मला हसू आलं, आणि हसल्याचा राग आला. "त्याने तुला काही सांगितलंय का?"

"ईरोने? तो कर्टचा मुलगा आहे. त्याच्या मनात काय आहे ते त्याच्या मोज्यांनाही माहीत नसेल." मग त्याने बिनसाखरेचा ब्रेड घेतला आणि गेला. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा मुलगा आयोवाला चाललाय ना? छान झालं हो." मी तिला पाव कापून दिला.

आयांचं बरं असतं. तो काय बोलून गेला त्याला कळलं नसेल, पण मला पेरालांची जोआन आठवली. तिचा मुलगा याच शाळेचा, काही वर्षांपूर्वीचा. त्याला कॅनडाच्या सीमेजवळच्या कुठल्याशा टीमने बोलावलं आणि जोआन नको म्हणाली. एक वर्ष राहू दे माझ्याजवळ, एवढंच म्हणाली. पोर राहिलं, आणि डिसेंबरात त्याचा गुडघा गेला, आमच्याच रिंकवर, आमच्या डोळ्यांसमोर. गुडघा काय, कुठेही गेला असता. पण लोकांनी ठरवलं ते ठरवलंच. कुणी तिच्या तोंडावर काही बोललं नाही, आमच्याकडे तोंडावर बोलत नाहीत. फक्त ती स्टँडमध्ये येऊन बसली की शेजारच्या बायकांना एकदम कॉफी आणायची आठवण व्हायची. मलाही झालेली आहे. अजूनही ती केक न्यायला येते, नेहमी लहानात लहान केक, आणि तिच्या पाठीमागे कुणीतरी हळूच म्हणतंच, हीच ती, पोराचं वाटोळं केलं ती. माणसं वाईट नाहीत. याच माणसांनी माझ्या ऑपरेशननंतर दोन आठवडे हॉटडिशची गरम भांडी आणून दारात ठेवली होती. पण हिवाळा लांबलचक असतो आणि बोलायला विषय लागतो. मी मनाशी म्हटलं, मी जोआन होणार नाही. ज्याला जायचंय त्याने जावं. मला आता कुणाच्या तोंडी पडायची ताकद नाही.

ईरो उन्हाळाभर कब्रस्तानात गवत कापायला जातो. चारच्या सुमारास मी त्याला आणायला गेले तेव्हा सरोवरावरून धुकं चढून आलं होतं. वर टेकडीवर ऊन आणि खाली काही दिसत नाही, बंदरातल्या जहाजाचा भोंगा तेवढा ऐकू येतो. तो फाटकाजवळ भिंतीवर बसला होता. त्याच्याबरोबर नेल्स होता. नेल्स म्हणजे त्यांचा गोलकीपर, आमच्या मागच्या गल्लीतला, गुबगुबीत, सगळ्या जगाला हसवणारा. मला बघून तो म्हणाला, "नमस्कार, आयोवाच्या आई."

"तू गप बस रे," मी म्हटलं. "तुला बोलावलं का कुणी?"

"मला? मला फक्त आमची आजी बोलावते, कचरा टाकायला." तो हसला, ईरोच्या डोक्यावर टपली मारून सायकलवरून गेला. ईरो त्याच्याकडे तो धुक्यात दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. हे दोघं आणि टीममधली आणखी तिघं, ही पाच पोरं सहा वर्षांची असल्यापासून एकत्र. पहिल्या मॅचला नेल्स उलट्या बाजूला तोंड करून गोलमध्ये उभा होता आणि ईरोने पाठीमागून जाऊन त्याला वळवलं होतं. सगळे प्रेक्षक हसत होते. शेवटच्या वर्षी घरच्या शेवटच्या मॅचला बारावीची पोरं आयांचा हात धरून त्यांना बर्फावर नेतात, हातात एक फूल देतात, फोटो काढतात. आया नेहमीचे बूट घालून येतात आणि बर्फावर घसरतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. मी कित्येकींचे फोटो काढले आहेत. मी कधी बोलले नाही, पण त्या रात्री कुठले बूट घालायचे हेही मी ठरवून ठेवलेलं होतं. माणूस किती मूर्ख असतो.

गाडीत तो नेहमीसारखा गुडघे वर करून बसला. गवताचा आणि पेट्रोलचा वास. मुलांशी बोलायचं तर गाडीतच, हे मला फार पूर्वी कळलं आहे. दोघांची तोंडं रस्त्याकडे असतात, कुणाला कुणाकडे बघावं लागत नाही. मी म्हटलं, "आज त्या आयोवाच्या बाईचा फोन आला होता. चांगली वाटली."

"हं."

"कुत्रा आहे त्यांच्याकडे."

"कुठला?"

"विचारलं नाही." मग मी एकदाचं बोलून टाकलं. "तू म्हणालास ना आई म्हणेल तसं. तर आई म्हणते, जा. मी अडवणार नाही तुला. मनात काही ठेवू नकोस."

मला वाटलं आता तो हळूच हसेल, कर्टसारखा तोंड फिरवून. मी सिग्नलला थांबले. त्याने सीटबेल्ट बोटांनी पुढे ओढला आणि सोडला, पुन्हा ओढला आणि सोडला.

"ठीक आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मी नेल्सला आणि त्यांना सांगून ठेवलं होतं की तू बहुतेक नको म्हणशील."

"का? मी काय राक्षसीण आहे?"

"नाही गं. असंच." खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "सांगतो आता त्यांना."

मागच्याने हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी काढली आणि टेकडी चढायला लागले. मी त्याला विचारलं, "ईरो, तुला जायचंय ना?"

"सगळ्यांना जायचं असतं," तो म्हणाला.

त्याने मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, कारण या शहरात त्या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. घरी नाही, रिंकवर नाही, ज्या कारखान्यात त्याचा बाप हे सगळ्यांना सांगून बसलाय तिथे तर नाहीच. रविवारपासून तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाटत होतं परवानगी मागतोय. सकाळी उगाच स्वयंपाकघरात घुटमळणं, भांडी पुसू का विचारणं, हे सगळं मी निघून जाणाऱ्या मुलाचं प्रेम समजत होते. आणि पोरगं बिचारं वाट बघत होतं की ही कधी एकदा नको म्हणते. त्याने आडोसा मागितला होता, एवढंच. आणि मी माझ्या अब्रूला जपत, हसून, मोठ्या मनाची आई होऊन तो काढून घेतला होता. मला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की गाडी कडेला घेऊन स्टीअरिंगवर डोकं टेकावंसं वाटलं. पण मागून गाड्या येत होत्या आणि आमचा रस्ता चढाचा आहे, तिथे थांबता येत नाही.

घरी पोचलो तर कर्ट मागच्या अंगणात मासे भाजत होता. आंघोळ केलेला, स्वच्छ शर्ट घातलेला. आम्हाला बघून चिमटा हलवत म्हणाला, "क्लबच्या माणसाचा फोन यायचाय. त्याला आज नक्की काय ते हवंय." मी बाहेरच्या टेबलावर सलाड करायला घेतलं. ईरो मागच्या दाराच्या पायरीवर बसून बूट काढत होता, एक बूट काढायला त्याला फार वेळ लागत होता. मी ठरवलं वगैरे काही नाही. मी काकड्या कापत होते. मला जोआन दिसत होती, लहान केक हातात धरून पैसे मोजणारी, आणि मला वाटत होतं की तिला विचारायला हवं होतं एकदा. तिचं तिने म्हटलं होतं नको, की तिच्या पोरालाही तिच्याकडून तेच हवं होतं? आम्ही कुणीच कधी विचारलं नाही.

फोन वाजला. कर्टने हात पँटला पुसले. "हो, हो, नमस्कार. नाही नाही, घरातच आहे. सगळे तयार आहोत आम्ही. थांबा हं, त्याच्या आईशीच बोला, बॉस तीच आहे." त्याने डोळा मारला आणि फोन माझ्यापुढे धरला.

मी फोन घेतला आणि म्हटलं, "तो येत नाहीये."

पलीकडचा माणूस म्हणाला, काय म्हणालात?

"मी पाठवत नाहीये त्याला. एक वर्ष आहे शाळेचं, ते इथेच करेल. मी त्याची आई आहे आणि मला हे पसंत नाही. त्या व्होन्ड्राकबाईंना सांगा, माफ करा म्हणावं, चांगल्या आहेत त्या."

मी फोन बंद करून टेबलावर ठेवला. कर्टच्या हातात चिमटा तसाच होता. जाळीवरचे मासे करपायला लागले होते आणि कुणी बघत नव्हतं. मग ईरो उठला, एका पायात बूट, एका पायात मोजा. "आई, तू काय केलंस हे?" त्याचा आवाज फाटला. "गाडीत तूच मला जा म्हणालीस. तू आत्ता जा म्हणालीस."

"मन बदललं."

"तुझं मन? माझं आयुष्य आहे ना ते? तुला काय कळतं हॉकीतलं?" तो लाल झाला होता. त्याने उरलेला बूट काढून गॅरेजच्या दारावर मारला, आत गेला, आणि दार इतकं आपटलं की वर लावलेली जुनी लाकडी पाटी खाली आली. फार छान रागावला. इतका छान की मलाही खरा वाटला, आणि कदाचित त्यातला थोडा खरा असेलही. मागितलेली गोष्ट मिळाल्यावरही माणसाला राग येतो. आणि मला आत्ताच दिसत होतं पुढचं. आज त्याला माहीत आहे काय झालं ते. पण तो तिशीला येईल, कुठल्यातरी कारखान्यात किंवा ऑफिसात लागेल, अंगणात पाणी सोडून बर्फ करेल, आणि लोकांना सांगता सांगता त्याला तेच खरं वाटायला लागेल की आईने जाऊ दिलं नाही. तेव्हा मी काही म्हणू शकणार नाही. खरं सांगणं म्हणजे त्याचा आडोसा काढून घेणं, आणि एकदा दिलेला तो परत घेता येत नाही.

"का?" कर्टने विचारलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला नको वाटलं."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

तो खुर्चीवर बसला. स्वच्छ शर्टावर तेलाचा डाग पडला होता. तो खूप वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला, आणि त्याच्याकडे बघून मला रडू आलं, कारण माझ्या आजच्या बोलण्याने पोराचं काही गेलं असेल नसेल, पण या माणसाचं गेलं होतं, आणि तेही दुसऱ्यांदा. त्याला मी काही सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर त्याने ईरोला जाऊन विचारलं असतं, प्रेमानेच विचारलं असतं, आणि पोराला पुन्हा हो म्हणावं लागलं असतं. मी जाळीवरचे मासे उतरवले. एक बाजू काळी झाली होती. मी ते घेऊन स्वयंपाकघरात आले, तो मागून आला आणि दारात उभा राहिला.

"तो तुला कधीच माफ करणार नाही, रेने."

"नाही करणार," मी म्हटलं.

स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजच्या बाजूला उघडते. पलीकडे पक, खेळायची रबरी चकती, फळीवर आपटत होता, एकामागून एक, आणि फोन कुठेतरी ठेवून ईरो बोलत होता. "नाही रे नेल्स, ऐकतच नाही. नाही म्हणजे नाही म्हणाली, त्या माणसाला तोंडावर. वेडी आहे यार आमची आई. काय करणार, झालं आता, राहावं लागणार." मग नेल्स काहीतरी म्हणाला असावा, आणि ईरो हसला. महिनाभर मी ते हसणं ऐकलं नव्हतं. कर्ट दोन पावलं पुढे आला, पाण्याचा ग्लास घ्यायला. मी हात लांबवून खिडकी लावून घेतली आणि म्हटलं, धूर येतोय.